टाकीतला वास

जुलैतली गोष्ट. मुरबाडच्या पोल्ट्रीतून सकाळीच फोन, "डॉक्टर, आज पुन्हा अकरा गेल्या." प्रोबायोटिक, म्हणजे आतड्यातल्या चांगल्या जंतूंची पावडर, सुरू करून पाचवा दिवस, आणि मरतूक वाढतच चाललेली.

तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, सतरा आठवड्यांच्या, अंड्यावर यायच्या बेतात. अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स दिला असता तर पहिल्या अंड्यांत औषधाचा अंश उतरायची भीती. म्हणून मी हट्टानं लॅक्टोबॅसिलसची पावडर पाण्यातून द्यायला लावली होती. शेठ काही बोलले नाहीत, फक्त पावडरचं बिल माझ्यासमोर ठेवलं.

शेडबाहेर पोत्यावर एक पक्षी उघडला. लहान आतडं वायूनं फुगलेलं, हात लावताच फाटेल असं. आतला पदर खरखरीत टॉवेलसारखा, पिवळट तपकिरी. क्लॉस्ट्रिडियमच. पावसानं खालचं तूस ओलं झालं, कॉक्सी या परजीवीच्या रोगानं आतड्याला जखमा केल्या आणि एरवी तिथे गप्प पडून असणारा हा जंतू माजला. कॉक्सी आम्ही आवरली होती. आता चांगल्या जंतूंनी जागा धरली की याचं फावत नाही, एवढाच हिशेब. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी 1973 मध्ये मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातले जंतू पिल्लांना देऊन साल्मोनेला रोखून दाखवला होता. गावठी पिल्लू आईमागे उकिरडा चिवडत हे फुकटात मिळवतं. हॅचरीतल्या पिल्लाला आई कुठली!

मग माझे जंतू गेले कुठे?

हात धुवायला टाकीचा नळ सोडला आणि नाकात वास शिरला. टीसीएल, पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर.

शेड सांभाळणाऱ्या मामांना विचारलं, "मामा, टाकीत टीसीएल टाकता?"

"रोज! पाऊस लागला की टाका म्हणून तुम्हीच सांगितलंत ना."

सांगितलं होतं. जूनमध्ये, मीच. एका चिठ्ठीतले जंतू दुसऱ्या चिठ्ठीतल्या क्लोरीननं टाकीतच मारले होते.

मामा डोकं खाजवत म्हणाले, "मग लशीच्या दिवशी दुधाची पावडर घालतो, तशी घालू का?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. पाण्यातल्या क्लोरीननं लस मरू नये म्हणून लिटरला अडीच ग्रॅम दूध पावडर, हे मीच त्यांना शिकवलेलं. 200 लिटरच्या वेगळ्या पिंपात अर्धा किलो दूध पावडर घातली, थोड्या वेळानं प्रोबायोटिक. टाकीचं टीसीएल तसंच चालू ठेवलं, ओलं तूस उचलायला लावलं. खाद्यात बॅसिलस हा दुसरा चांगला जंतू सुरू केला. त्याचे बीजाणू क्लोरीनला सहजी दाद देत नाहीत.

आठवडाभरानं मामांचा फोन आला, "आज एकपण नाय." पहिल्या पावडरचं बिल मी माझ्या फीमधून वळतं केलं.