मग सुतल का नाही?

लग्नाच्या पंगतीत, दिवाळीच्या फराळाला, ऑफिसच्या लिफ्टमध्ये. मी गेममधल्या जागांना नावं देते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "आपली एवढी पुराणं असताना ते नॉर्स हाइम आणि गार्ड कशाला?"

कारण ती 'हाइम' किंवा 'गार्ड'नं संपणारी नावं मोकळी आहेत. एडांमध्ये, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स देवांच्या कथा सांगणाऱ्या आइसलँडच्या ग्रंथांमध्ये, नऊ जगांचा उल्लेख येतो, पण त्या नऊंची यादी कुठेच नाही. 'ग्रिमनिस्माल' या काव्यात देवांची घरं येतात ती एकेका कडव्यात. घराचं नाव, मालकाचं नाव, फार तर छप्पर चांदीचं. उरलेलं आम्ही भरायचं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या गेमनं 2008 साली उटगार्ड घेतलं. मूळ कथेत तिथे उटगार्डा-लोकी हा राक्षस थॉर या देवाला फसवतो. गेममध्ये राजा आहे इमिरॉन नावाचा कुणी. 2021 च्या 'व्हॅलहाइम'मध्ये तर स्वीडिश मंडळींनी चक्क दहावं जग काढलं. चाललं.

आता "तुम्हाला परदेशीच आवडतं" म्हणणार असाल तर थांबा. मी सुतल केलं होतं, सात पाताळांपैकी बळीराजाचं.

भागवत वाचून केलं होतं. पाताळ म्हणजे नरक नव्हे; विष्णुपुराणात नारद त्याला स्वर्गाहून रम्य म्हणतो. म्हणून लाव्हा नाही, सांगाडे नाहीत. रत्नांच्या उजेडातलं नगर आणि आत बळीराजा. नकाशा देखणा झाला होता, आजही म्हणेन. अडलं दाराशी. 'स्कायरिम' गेममध्ये सोव्हनगार्ड या वीरांच्या परलोकाच्या पुलाशी त्सुन नावाचा पहारेकरी उभा असतो, त्याच्याशी दोन हात केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आम्ही तेच उचललं होतं. आणि सुतलाच्या दाराशी पहाऱ्याला साक्षात विष्णू.

आकडे बसवणारा मुलगा मीटिंगमध्ये म्हणाला, "ताई, वामनाचा हेल्थ बार, म्हणजे मरेपर्यंत किती मार सोसेल तो आकडा, किती ठेवायचा?" चेष्टा नव्हती, त्याला खरंच आकडा हवा होता. कुणीतरी हसलं. एक जण म्हणाला, हे मी घरी आईला दाखवू शकणार नाही. मी भांडले: लढाई नको, त्यानं कोडं घालावं. वरून उत्तर आलं, कोडी लोकांना कंटाळवाणी वाटतात. मग बळीवर प्रेम असलेली मीच हट्टी ठरले आणि ज्यांना बळीशी देणंघेणं नव्हतं ते भाविक. संध्याकाळपर्यंत फाइलचं नाव निफ्लहाइम झालं, रत्नांवर धुकं पसरलं, सिंहासनावर बर्फाचा राक्षस बसला. त्याच्या हेल्थ बारबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

तेव्हा मी स्वतःला समजावलं की नॉर्स देवांना आज कुणी वाली नाही, म्हणून ते सोपे. तेही खरं नाही. आइसलँडमध्ये त्या देवांना मानणाऱ्यांची संघटना 1972 पासून आहे, 1973 मध्ये तिला सरकारी मान्यताही मिळाली. थॉरचा हेल्थ बार त्यांच्यातही कुणाला खटकत असेल. ते माझ्याकडे फराळाला येत नाहीत, एवढंच.

मग हा भित्रेपणा? असेल. पाडव्याला आई "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणते तेव्हा मी चिडते, नक्की कुणावर ते ठरत नाही. पुढच्या वेळी विचाराल तेव्हा एवढं सांगा: विष्णूला न हरवता, आणि खेळणाऱ्याला कंटाळा न आणता, त्या दारातून आत कसं न्यायचं?