शिरोरेखेतून फुटणारी भेग

परभणी. मृग लागून आठवडा झाला, नुसतं उकडतंय.

पेन्सिलचित्र चालू आहे: ए-थ्री आकाराचा, २०० जीएसएमचा, म्हणजे चित्रकलेचा जाड कार्ट्रिज कागद. वर उघडं वर्तमानपत्र, खालच्या कडेला त्याच्या ओळींचीच भेगाळलेली काळी माती होते.

छापील देवनागरी काढताना अक्षरं लिहीत बसलं की पान गृहपाठाच्या वहीसारखं दिसतं. आधी ०.३ मिलिमीटरच्या एचबी शिशाने शिरोरेखा ओढायच्या, शब्दाशब्दात फट ठेवून. मग त्यांना लटकणारे दांडे, गाठी, मधूनच वेलांटीचा बाक. हातभर अंतरावरून तो मजकूरच वाटतो. वाचता येतील असे शब्द तीनच: ‘अंदाज’, ‘दुबार’ आणि ‘शक्यता’. पेरणीला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस हवा, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. तेवढा पडणार का, याला बातमीत ‘शक्यता’ एवढंच उत्तर असतं, आणि बियाण्याची पिशवी फोडायची ती त्याच भरवशावर. म्हणून हा शब्द सगळ्यांत काळा.

काळा करायला ८बी, म्हणजे खूप मऊ, गडद पेन्सिल दाबली की घात होतो. ग्राफाइट चकाकतं, तिरप्या उजेडात शब्द पांढुरका दिसतो; कागदाचा खरखरीतपणा चेपला गेला की पुढचा थरही धरत नाही. २बी, ४बी, ६बी असे हलके थर द्यायचे, प्रत्येक आधीच्याला तिरका. बोटाने पुसायचं नाही, कातडीचं तेल लागून डाग पडतो. घामट मनगटाखाली बटर पेपर हवाच.

भेगांना जास्त वेळ लागतो. शेवटच्या चार ओळींत शिरोरेखा आधी थरथरते, मग तुटते, मग रुंद होत मातीत उतरते. दोन्ही कडा सारख्याच गडद केल्या तर भेग न दिसता जमिनीवर पडलेली काळी दोरी दिसते. उजेड डावीकडून आहे, तेव्हा भेगेची डावी भिंत अंधारात आणि उजव्या कडेवर उजेडाची केसाएवढी रेघ. ती नंतर खोडून नीट निघत नाही. छटा भरण्याआधीच संपलेल्या रिफिलच्या टोकाने दाबून घ्यावी. त्या खाचेत शिसं शिरत नाही.

उजवा खालचा कोपरा, चार बोटं रुंद, कोराच आहे. भेग पुढे न्यायची की ओल दाखवायची, ते ठरलेलं नाही. शिसं पुसलं जाऊ नये म्हणून मारायचं फिक्सेटिव्हही थांबलंय, दमट हवेत फवारलं तर दुधट थर येतो.