खोडदच्या तबकड्या आणि एक गिरकी

चाकणच्या कोंडीत सकाळ गेली, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. नारायणगावला वळून कांद्याच्या वावरांमधून खोडदकडे निघालो आणि तिथल्या रेडिओ दुर्बिणीची पहिली तबकडी दिसली. ४५ मीटर व्यासाची, तरी तिच्यातून आरपार आभाळ दिसतं. पत्रा नाहीच, स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी. वारा तिच्यातून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही आटोक्यात राहिला. रेडिओ लहरी मात्र परतून वर बसवलेल्या रिसीव्हरकडे जातात. ही रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची कल्पना. अशा ३० तबकड्या इथे आहेत: १४ जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात. सगळ्या मिळून एकच दुर्बीण, जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप.

राष्ट्रीय विज्ञान दिनाची गर्दी होती. आसपासच्या शाळांची पोरं प्रकल्प मांडून बसलेली. रांगा, ऊन, धूळ, तरी मला हा गोंगाट फार आवडला. एक तरुण संशोधक पल्सारबद्दल मराठीत सांगत होता. प्रचंड तारा फुटल्यावर मागे उरणारा गाभा, सूर्याहून जड, पण जेमतेम वीस किलोमीटर रुंद. तो गरगर फिरतो आणि प्रत्येक फेरीला त्याचा रेडिओ झोत आपल्यावरून जातो.

पुढच्या ओळीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘‘सर, तारा मेला ना? मग फिरवतं कोण?’’

त्याला घाई नव्हती. तिच्या दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दिल्या, हात पसरून गिरकी घ्यायला लावली आणि मध्येच म्हणाला, ‘‘आता हात छातीशी घे.’’ ती एकदम भोवऱ्यासारखी फिरली, पडता पडता मैत्रिणीनं धरली. ‘‘तुला कुणी ढकललं का?’’ ‘‘नाही.’’ ‘‘तारा आधीही फिरतच होता. आकसला, म्हणून वेग वाढला.’’ ती थोडा विचार करून म्हणाली, ‘‘मग थांबत का नाही?’’ ‘‘थांबतो, पण फार फार सावकाश.’’ मागचे लोक ‘चला पुढे’ करत होते, तरी त्यानं तिला पुरतं उत्तर दिलं. असं शिकवणारं माणूस मला शाळेत हवं होतं.

काही पल्सार जोडीदार ताऱ्याचं द्रव्य ओढून पुन्हा वेग घेतात, सेकंदाला शेकडो फेऱ्या मारतात. त्यांचे स्पंद इतके नेमके येतात, की आगमनात सूक्ष्म फरक पडला तरी कळतो. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे स्पंदांना उशीर होतो. वारंवारता जितकी कमी, तितका उशीर जास्त. खोडदची दुर्बीण कमी वारंवारतेवर पाहते, म्हणून हा उशीर बारकाईनं मोजून वजा करता येतो. मग उरलेल्या फरकात गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच ताणत-दाबत जाणारे हेलकावे, शोधता येतात. जून २०२३ मध्ये इथल्या मोजणीसह भारतीय, जपानी आणि युरोपीय संशोधकांनी अशा गुरुत्वीय लहरींच्या खुणा जाहीर केल्या, ज्यांचा एक हेलकावा पुरा व्हायला वर्षं लागतात. त्याच वर्षी ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची रेडिओ लहर इथेच टिपल्याचं प्रसिद्ध झालं. निघताना तिची तरंगलांबी २१ सेंटीमीटर, पोचताना विश्वाच्या प्रसरणानं ताणून ४८.

इतकं क्षीण काही ऐकायचं, तर आजूबाजूला शांतता हवी. खोडद निवडण्यामागे तेही एक कारण: शहरांपासून दूर, भोवती डोंगरांचा आडोसा. मोबाईलच्या लहरी या दुर्बिणीच्या ऐकण्याच्या टप्प्यातच येतात. चंद्रावर चालू फोन ठेवला, तरी तो इथून आकाशातल्या अतिप्रखर रेडिओ स्रोतांत मोडेल. आणि आम्ही शेकडो जण तबकडीच्या पायथ्याशी! फोन बंद ठेवा असं वारंवार सांगूनही लोक सेल्फी काढत होते. माझ्या मागच्या दोघांना मी बोललोच. एकानं बंद केला. दुसरा म्हणाला, ‘‘सायलेंटवर आहे की.’’ अहो, सायलेंटवरचा फोनसुद्धा टॉवरशी बोलतच असतो. जाणार असाल तर तो गाडीतच पूर्ण बंद करून ठेवा, आणि सोबतच्यांनाही ठेवायला लावा.