विसर्ग वाढला

सोमवार, श्रावण

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप: ‘गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ नदीकाठचे सतर्क झाले असतील, मला मात्र हसू फुटलं. जन्मभर पोरांच्या वह्यांमध्ये ‘दुःख’मधला विसर्ग लाल शाईनं घालत आलेय मी. असा क्युसेकनं सुटला असता तर निदान आठवी ‘ब’ची तरी सोय झाली असती. यांना सांगितलं, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “भांडी बाजारात पाणी शिरणार बहुतेक.”

आमच्याकडे नाशकात पूर मोजायचा तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीनं. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, एवढ्यावर सराफ बाजार आणि भांडी बाजार माल माडीवर चढवायचा की नाही ते ठरवतात. 2019च्या ऑगस्टमध्ये तर मारुती अख्खा बुडाला होता. माझा कुकर दुरुस्तीला टाकलाय तिथं, म्हणून दुपारी दुकानात फोन केला. मालक म्हणाले, “ताई, आज नका येऊ. गळ्याशी आलंय.” मला कळेना, मारुतीच्या की यांच्या! विचारलं, तर दोघांच्याही, असं निघालं. मागून पातेली आदळल्याचा आवाज येत होता, त्यामुळे हसताही येईना. आणि हे दुतोंड्या प्रकरणही न्यारंच. माणसाला दुतोंडी म्हणून बघा, अंगावर धावून येईल. या दुतोंड्यापुढे मात्र सगळं गाव हात जोडून उभं.

वर्गात श्लेष शिकवताना उदाहरण ठरलेलं: ‘हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस.’ जीवन म्हणजे आयुष्य, जीवन म्हणजे पाणी. इतक्या वर्षांत एकही पोर हसलेलं नाही. पण ‘महाराष्ट्र जीवन प्राधिकरण’ ही पाटी वाचून आलेल्या एका मुलीनं अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं, “मॅडम, तिथं आयुष्य वाढवून मिळतं का?” वर्ग दणाणला. ती मात्र उत्तराची वाट बघत उभीच. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: बोलणाऱ्याला दुसऱ्या अर्थाचा पत्ता नसला तरच मजा, पत्ता असला की ती कोटी. आणि कोट्या करणाऱ्या माणसाशेजारी पंगतीला बसू नये. (आमचे एक व्याही आहेत. असो.)

पत्ता नसण्याचा खरा नमुना आमच्या घरातच घडला, मागच्या महिन्यात. नणंदेची नवी सून मुंबईची. तिनं फोन केला आणि विचारलं, आजोबा कुठेत? सासूबाई म्हणाल्या, “ते गंगेवर गेलेत.” पलीकडे सगळं चिडीचूप. मग घाबरत घाबरत, “एकटेच? एवढ्या लांब? या वयात?”

“लांब कसलं गं! बुधवारचा बाजार आहे, कोथिंबीर घेऊन येतील अर्ध्या तासात.”

बिचारी काशीला पोचली होती. गोदावरीला आम्ही सर्रास गंगा म्हणतो हे लग्न ठरवताना तिला कोणी सांगायला हवं होतं. सासूबाईंना अजूनही समजलेलं नाही की त्यात हसण्यासारखं काय होतं.

नाशिकरोडकरांचंही तसंच. ‘मी प्रेसला आहे’ म्हटलं की बाहेरगावचा पाहुणा विचारतो, कुठल्या पेपरात? तो सरळ सांगतो, नोटा छापतो. पाहुणा कप खाली ठेवतो.

संध्याकाळी द्वारकेच्या सिग्नलला पुढे कांद्याची पिकअप उभी. गोण्या ठासून भरलेल्या आणि मागच्या फळीवर वेलबुट्टीत रंगवलेलं, ‘देव भावाचा भुकेला’. लासलगावापासून पिंपळगावापर्यंत अख्खा जिल्हा ज्या भुकेनं हैराण, तिच्यावर या भाबड्यानं नकळत बोट ठेवलं होतं. मला राहवेना. स्कूटर शेजारी घेतली आणि म्हटलं, “दादा, मागं छान लिहिलंय हो.”

त्यानं खिडकीतून खाली पाहिलं. “मागं एकदा कांदा रस्त्यावर ओतून आलो ना मॅडम, त्याच दिवशी पेंटरकडं नेली गाडी.”

सिग्नल सुटला.