गोवर कॅनडात, घाबरगुंडी ठाण्यात

कॅनडातल्या मिसिसागात राहायला लागल्यापासून एक बघतेय, इथली साथ आमच्या गल्लीत यायच्या आधी ठाण्यात पोचते. मी इथे सकाळी लेकीचा डबा भरत असते, तिकडे नौपाड्यात संध्याकाळचा चहा चालू असतो, आणि सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लाल अक्षरांत ‘कॅनडात गोवराचा उद्रेक’ टाकलेलं असतं, सोबत भलत्याच रोगाच्या मुलाचा फोटो. मग आईचा फोन. "पोरीला शाळेत धाडू नकोस काही दिवस, आणि कडुलिंबाचा पाला मिळतो का गं तिकडे?"

आता बातमी खोटी नव्हतीच, त्यामुळे "काही नाही गं, उगाच घाबरतेस" म्हणायची सोय नव्हती. ऑक्टोबर २०२४ पासून साथ सुरू झाली, २०२५ मध्ये देशभरात पाच हजारांवर केसेस गेल्या, आणि १९९८ पासून असलेला गोवरमुक्त देशाचा दर्जा नोव्हेंबर २०२५ मध्ये गेला. आमच्या ऑन्टारिओ प्रांतात तर खूपच केसेस. पण त्यातले बहुतेक जण लस न घेतलेले, ही ओळ फॉरवर्डमध्ये कधीच नसते.

मला धीर आला तो इथल्या आरोग्य खात्याच्या यादीने. पेशंट कुठे गेला होता ते तारीख आणि वेळेसकट छापतात, अमुक दवाखान्याची वेटिंग रूम, शनिवार, इतके ते इतके वाजता. पेशंट निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो म्हणून तेवढा वेळ पुढे वाढवून देतात. तुम्ही तेव्हा तिथे नव्हतात तर विषय संपला, होतात तर लसीचं कार्ड बघायचं आणि फोन करायचा, थेट दवाखान्यात जाऊन बसायचं नाही, कारण हा खोकल्यातून उडतो आणि वेटिंग रूममध्ये तान्ही बाळं असतात. लस झालेली नसेल तर संपर्कानंतर ७२ तासांच्या आत घेतली तरी उपयोग होऊ शकतो. सगळ्या शहराची भीती घेऊन बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडीत गोवर आला तेव्हा अशी वेळेसकट यादी मी तरी पाहिली नव्हती, नुसतं "मुंबईत गोवर" एवढंच कानावर यायचं, आणि त्यातून आपण काय करायचं ते कळायचं नाही.

आणि कार्डावरून आठवलं, ज्यांची मुलं घेऊन इकडे यायचं चाललंय त्यांनी हे वाचाच. आपल्याकडे एमआरचा, म्हणजे गोवर-रुबेला लसीचा, पहिला डोस नवव्या महिन्यात देतात, आपल्याकडच्या हिशोबाने ते बरोबरच आहे, पण इथे पहिल्या वाढदिवसाच्या आधीचा डोस धरत नाहीत. लेकीचे ठाण्यात दोन डोस झालेले, इथल्या नर्सने मोजला एकच. शिवाय एमआरमध्ये गालगुंडाची लस नसते, इथे तिन्हींची मिळून असलेली एमएमआर लागते. मी आधी चिडले, मग कारण कळलं, की लहान बाळात आईकडून आलेल्या अँटीबॉडीज असतात आणि त्यामुळे लस तितकी धरत नाही. दोन नीट डोस झाले की जवळजवळ ९७ टक्के संरक्षण मिळतं, मग एक जास्तीची सुई परवडली. तेव्हा मूळ कार्ड हँडबॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नको, आणि तारखा वाचता येतील असा फोटोही काढून ठेवा. आमच्या डॉक्टरांचं अक्षर नर्सला लागेना, शेवटी बाबांनी क्लिनिकमध्ये जाऊन टाइप केलेलं सर्टिफिकेट आणलं.

आई-बाबा उन्हाळ्यात यायचेत. आईला आता स्वतःची काळजी. इथे १९७० च्या आधी जन्मलेल्यांना बहुधा गोवर होऊन गेलाय असं धरतात, आणि आईला तर लहानपणी अंगभर आल्याचं आजी सांगायची, तरी निघण्याआधी तिच्या डॉक्टरांना एकदा विचार म्हटलंय.

लेकीची एमएमआर गेल्या आठवड्यात झाली. या लसीनंतर आठवडाभराने थोडा ताप, कधी हलकं पुरळ येऊ शकतं आणि त्याने दुसऱ्या कोणाला लागण होत नाही, हे मी आईला आधीच सांगून ठेवलंय, म्हणजे व्हिडिओ कॉलवर लाल ठिपके दिसले तर सोसायटीच्या ग्रुपवर जाणार नाहीत. बाबांची गॅरंटी नाही.