ट्रंकेवरची गावं

माळ्यावरून टेबलफॅन काढायला चढलो होतो, हाताला लागली ती ट्रंक. ती खाली उतरवण्यात कंबर धरली, पंखा वरच राहिला. घरात कोणी नव्हतं, म्हणून तिथेच फरशीवर बसकण मारली.

काळी ट्रंक, कडा गंजलेल्या, झाकणावर पांढऱ्या रंगात अण्णांचं नाव आणि खाली गाव. बदली झाली की अण्णा नावाला हात लावत नसत. गावापुरता काळा रंग फासायचे आणि वाळल्यावर त्यावर नवं गाव लिहायचे. असे पाच-सहा थर बसलेले. आता त्यांचे पापुद्रे सुटलेत. पापुद्रा दिसला की मला राहवत नाही, मग ती भिंत असो की खपली. नखाने एक टोक उचकटलं तर खालून ‘पूर’ निघालं. आता कुठलं पूर? आमच्या वाट्याला तीन पुरं आली होती. आणखी जरा खरवडलं, तर पूरही गेलं आणि खालचा नुसता पत्रा दिसायला लागला.

बदलीची ऑर्डर आली की आई म्हणायची, “इथलं अन्नपाणी संपलं.” अण्णा म्हणायचे, “अन्नपाणी कसलं? साहेबाची खोड आहे.” खोड तर होतीच. एकदा एका बिलावर सही करायला अण्णांनी नकार दिला, आणि पावसाळा उघडायच्या आत आम्ही नकाशात शोधावं लागेल अशा ठिकाणी होतो. निरोपाला येणारे हमखास म्हणायचे, “ठेविले अनंते तैसेचि राहावे.” म्हणणारे स्वतः जन्मभर एकाच घरात राहिलेले. शिवाय अनंत आम्हाला ठेवत कुठे होता? नुसता हलवत होता.

साहेब की देव, हा आमच्या घरातला वाद पुढे मला बायबलमधल्या योसेफाच्या गोष्टीत सापडला. सतराव्या वर्षी सावत्र भावांनी त्याला चांदीच्या २० नाण्यांना विकलं. तो मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम झाला, मग खोट्या आळावर तुरुंगात गेला. तिसाव्या वर्षी मात्र तिथल्या राजाच्या, फारोच्या, दरबारात उभा राहिला आणि सात वर्षांच्या दुष्काळासाठी धान्याची कोठारं भरून ठेवणारा कारभारी झाला. भाऊ धान्य मागायला आले तेव्हा तो त्यांना सांगतो, मला इथे तुम्ही नाही पाठवलंत, देवाने पाठवलं. म्हणजे आईचाच पक्ष. पण मला त्याच्या अलीकडची जागा जास्त आवडते. तुरुंगात राजाला मद्याचा प्याला देणारा प्यालेबरदार सुटायला निघतो, तेव्हा योसेफ देवाच्या योजनेबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणतो, मी काही केलेलं नाही, राजाकडे माझं नाव काढ आणि मला इथून सोडव. प्यालेबरदार सुटतो आणि पुढे दोन वर्षं त्याला साफ विसरतो.

ती दोन वर्षं माझ्या डोक्यातून जात नाहीत. ‘जे झालं ते चांगल्यासाठीच’ हे वाक्य ऐकलं की माझी चिडचिड होते ती त्यांच्यामुळे. कोठारं भरल्यावर कोणीही म्हणेल. ज्यांचं कोठार भरलंच नाही त्यांना विचारायला कोणी जात नाही. मी भाविक आहे की नाही ते मलाही धड सांगता येत नाही, पण देवाच्या हिशेबाची वही आपल्याला वाचता येते असं वागणाऱ्यांपासून मी चार हात लांब राहतो.

आणि समजा, आपण जिथे जाऊन पडलो तिथलं काम आपलं नसलंच तर? १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक अनोळखी गोरा गृहस्थ भेटला. गप्पा रंगल्या, उतरताना त्याने बायबलमधला ‘नवा करार’ हातात ठेवला, आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असंही सांगून टाकलं. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मराठीला टिळकांची ख्रिस्ती भक्तीची कविता मिळाली ती त्या प्रवासाच्या पोटातून. तो गृहस्थ कोण, हे टिळकांना कधीच कळलं नाही. मला कुतूहल आहे ते त्याचंच. तो त्या गाडीत कशासाठी बसला होता? कुठल्या तरी कामासाठीच ना? ते काम कदाचित फसलंही असेल, आणि दिवस फुकट गेला म्हणून तो रात्री चरफडत झोपला असेल.

ते सहीचं प्रकरण झाल्यावरच्या गावात आम्ही अकरा महिने होतो. अण्णांचं पोट कायम बिघडलेलं, आईला कोणी बोलायला नाही, मी नऊ वर्षांचा आणि वर्गात सगळ्यांत मागे. त्या गावाने आम्हाला काय दिलं म्हणून कोणी विचारलं, तर मला एक गोष्ट सांगता येणार नाही.

पण शेजारी एक आजी एकट्या राहायच्या. त्यांना हाताने शिवायला यायचं, नेढं दिसायचं नाही. शाळा सुटली की मी त्यांच्या ओट्यावर बसून सुया ओवून द्यायचो. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करायचं, चिमटीत चपटं करायचं, सुई उजेडाकडे धरायची आणि श्वास रोखायचा. तीन सुया काळ्या, तीन पांढऱ्या. ओवलेल्या सुया त्या एका जुन्या उशीत ओळीने टोचून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पुरवून वापरायच्या. दोरा फार लांब घेतला की ओरडायच्या, “गुंता करतोस मेल्या.”

ट्रक दाराशी लागला त्या सकाळी मी धावत त्यांच्याकडे गेलो. घरात होत्या तेवढ्या सगळ्या सुया त्यांनी काढल्या, गंजलेल्यासुद्धा. एकवीस भरल्या. सगळ्या ओवल्या आणि त्या दिवशी दोरे मुद्दाम लांब ठेवले. त्या काही ओरडल्या नाहीत. अण्णा बाहेरून हाका मारत होते.

ट्रंक परत वर चढवायचं बळ नाही, पडून राहील इथेच. पंखाही राहिलाच. एकवीस सुया त्यांना किती दिवस पुरल्या असतील, तेवढं मात्र दुपारपासून डोक्यातून जात नाहीये.