गोमुखाचं गढूळ पाणी

देवप्रयागच्या संगमावर पायऱ्यांना साखळ्या लावल्या आहेत. त्या धरून माणसं गुडघाभर पाण्यात उतरतात, कारण पाण्याला ओढ भयंकर आहे. एका बाजूने हिरवीगार भागीरथी येते, दुसऱ्या बाजूने मातकट अलकनंदा, आणि बराच वेळ दोघींचे रंग शेजारी शेजारी वाहत राहतात. इथले लोक भागीरथीला सासू आणि अलकनंदेला सून म्हणतात.

आमच्या शेजारी मराठी यात्रेकरूंचा एक गट होता. त्यातले एक काका सगळ्यांना समजावत होते, "ती हिरवी बघा, किती स्वच्छ! तीच खरी गंगा. आणि ही दुसरी नुसता चिखल." सगळ्यांनी माना डोलावल्या, हिरव्या पाण्याचे फोटो काढले. मला फार वाईट वाटलं. तीन दिवसांपूर्वी गोमुखाशी, भागीरथीच्या उगमाशी, भरलेली बाटली माझ्या सॅकमध्ये होती, आणि त्या बाटलीतली भागीरथी राखाडी होती.

ती बाटली आईसाठी. आम्ही नाशिकचे. आमच्याकडे गोदावरीलाच गंगा म्हणतात. आई अजूनही "गंगेवर जाऊन येते" म्हणते आणि रामकुंडावर जाते. पण देवघरात काशीच्या गंगेचा एक तांब्याचा गडू आहे, आजोबांनी आणलेला, झाळून बंद केलेला, मी जन्मल्यापासून कुणी न उघडलेला. मी गोमुखाला निघाले तेव्हा आई एवढंच म्हणाली, "उगमाचं आण."

नाशिक ते गंगोत्री हा प्रवास लिहिण्यासारखा नाही. दरडी, गाड्यांच्या रांगा, आणि गंगोत्रीच्या देवळाबाहेर लाउडस्पीकरचा असा कल्लोळ की नदीचा आवाज ऐकू येऊ नये. गोमुखाच्या वाटेवर मात्र दिवसाला १५० माणसांनाच परवाना मिळतो. हा नियम आहे म्हणून ती वाट अजून वाट राहिली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. भोजबासापर्यंत १४ किलोमीटर. खाली देवदार, चिरबासाला चीड, मग वर वर भूर्जाची खुरटी झाडं, साल कागदासारखी सुटून वाऱ्यावर फडफडणारी. भोजबासाला मुक्काम. पांघरुणं ओलसर होती, पण वरण-भात उकळता मिळाला आणि वाढणारा पोरगा "और लो दीदी" म्हणत दोनदा परत आला.

दुसऱ्या दिवशी गोमुख. हिमनदी म्हटल्यावर शुभ्र काहीतरी दिसेल असं मनात होतं. समोर होता दगडधोंड्यांनी झाकलेला काळपट डोंगर, त्याला खाली एक निळसर भेग, आणि तिच्यातून उसळणारं सिमेंट कालवल्यासारखं पाणी. वरून दगड सुटतात म्हणून आम्ही लांबच थांबलो. अलीकडे काठाला बर्फाचा एक ढलपा येऊन अडकला होता, म्हशीएवढा. त्याच्या अंगावर बारीक बारीक भोकं होती आणि प्रत्येकाच्या तळाशी चिमूटभर काळा रवा. उचलला तर ओल्या काजळासारखा बोटाला चिकटला. वाटाड्या म्हणाला, "धूल है, दीदी."

धूळ आहेच. काळा कण ऊन जास्त शोषतो, तापतो, आणि आजूबाजूचं बर्फ वितळवत आत उतरतो. हिमनद्यांच्या पाठीवर असे खड्डे होतात, त्यातल्या रव्याला क्रायोकोनाइट म्हणतात. त्यात दगडाची भुकटी असते, वाऱ्याने आणलेली काजळी असते, आणि त्यावर चक्क जगणारी सूक्ष्म शेवाळं नि जिवाणू असतात. चिरबासाला डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली हवेतली काजळी मोजली होती. उन्हाळ्यात खाली वणवे पेटतात, शेतातलं काड जाळतात, त्याची काजळी इतक्या उंचीवर येते. बर्फ वितळलं की हे सगळं पाण्याबरोबर खाली निघतं. म्हणजे उगमाच्या पहिल्या ओंजळीतही सेंद्रिय कार्बन, सजीवांपासून आलेला कार्बन, असतो.

प्रमाण थोडं असतं, पण त्याची तऱ्हा वेगळी. अलास्काच्या किनाऱ्यावरच्या ११ पाणलोटांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या पाणलोटात हिमनदीचा वाटा सगळ्यात जास्त, तिथल्या पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन जवळजवळ ४००० वर्षं जुना निघाला, आणि तरीही त्यातला सुमारे दोन तृतीयांश जिवाणूंना सहज पचला. जंगलाच्या मातीतून झिरपून आलेला ताजा कार्बन त्यांना तेवढा पचत नाही. पुढे २०१२ मध्ये दिसलं की हे जुनेपण काही अंशी आपणच जाळलेल्या कोळशा-तेलाच्या काजळीचंही असतं. जगभरच्या हिमनद्या आणि हिमस्तर मिळून वर्षाला सुमारे १० लाख टन असा विरघळलेला कार्बन सोडतात, असा अंदाज आहे. काठावरच्या जीवसृष्टीची पहिली न्याहारी त्यातून होते. त्या काठावर लोकांनी सोडलेल्या साड्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या दगडांत अडकलेल्या पाहून माझा जीव कळवळला.

मी बाटली भरली. रात्री ती भोजबासाच्या खिडकीत ठेवली आणि सकाळी उठल्या उठल्या पाहिली. तळाशी नाण्याच्या जाडीचा राखाडी थर बसला होता, त्यात अभ्रकाच्या चकचकीत कपच्या, आणि थरावर आडवा पडलेला भूर्जाच्या सालीचा नखाएवढा तुकडा. वरचं पाणी मात्र अजून ताकाच्या निवळीसारखं. हिमनदी डोंगराला जात्यासारखी दळते. ते पीठ इतकं बारीक असतं की रात्रभरात बसत नाही.

हे पीठ आणि हा सालीचा तुकडा, माझ्या मते सगळी गंगा यातच आहे. डोंगरातला पालापाचोळा, दरडींबरोबर आलेली माती, मैदानातल्या शेतांचा गाळ हे सगळं नदी उचलते. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे १०० कोटी टन गाळ खाली नेतात. वाटेत बरंच कुजतं, त्याचा कार्बन हवेत परत जातो. हिमालयातून निघालेल्या सेंद्रिय कार्बनातला निम्म्याहून जास्त मैदानात असा बदलला जातो: दगडाचा कण तोच, पण त्याच्यावरचं बिऱ्हाड नवं, बिहार-बंगालच्या मातीतलं.

शेवटी हे बंगालच्या उपसागरात जातं आणि समुद्रतळावर पसरतं. गाळाचा हा पंख्यासारखा थर सुमारे ३००० किलोमीटर लांब आहे, श्रीलंकेच्याही दक्षिणेला गेलेला. फ्रेंच संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की तिथे पुरल्या जाणाऱ्या सेंद्रिय कार्बनातला ७० ते ८५ टक्के अलीकडच्या झाडापाल्याचा नि मातीचा असतो, म्हणजे पानांनी हवेतून घेतलेला. ॲमेझॉन नदीने नेलेल्या अशा कार्बनातला ७० टक्के परत हवेत जातो. इथे नदीने समुद्रात पोचवलेला जवळजवळ सगळा टिकतो, कारण वरून गाळ इतक्या झपाट्याने येऊन पडतो की कुजायला उसंतच मिळत नाही. कार्बन टिकवतो तो हा गाळ. काका ज्याला चिखल म्हणाले तो.

परतताना मी हट्टाने देवप्रयागचा वळसा घ्यायला लावला. ड्रायव्हरने दीड हजार जास्त घेतले, पण ते पैसे सत्कारणी लागले. चिन्यालीसौडला टेहरीच्या धरणामुळे नदीचा तलाव होतो. तिथवर खिडकीतून राखाडी, खळाळती भागीरथी दिसत होती. मग पाणी थबकलं, आणि पुढे पुढे हिरवं होत गेलं. टेहरीचं धरण २६०.५ मीटर उंच. २००५-०६ मध्ये ते भरू लागलं, जुनं टेहरी गाव पाण्याखाली गेलं. गोमुखापासून निघालेलं पीठ, भूर्जाची साल, देवदाराच्या सुया, यातलं बहुतेक सगळं त्या तलावाच्या तळाशी बसतं. तळाला कुजलं तर त्यातून मिथेन होतो. खाली देवप्रयागला येते ती निवळ, रिकाम्या हाताची भागीरथी. धरणाने वीज दिली, दिल्लीला पाणी दिलं, हे मला मान्य आहे. पण त्या हिरव्या रंगाला स्वच्छता म्हणणं मला सहन होत नाही.

काकांना मी हे सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग बाटली हातात घेऊन उजेडात धरली, खालवर केली, आणि राखाडी ढग उठताना बराच वेळ बघत राहिले. "गोमुखाला असं असतं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

साखळी धरून मी खाली उतरले. बाटली चांगली हलवून अर्धी आईसाठी ठेवली आणि अर्धी भागीरथीच्या बाजूला ओतली. हिरव्या पाण्यात राखेसारखी एक रेघ क्षणभर दिसली आणि अलकनंदेकडे वाहत गेली.